सांगड

वाटणीची भिंत नऊ इंची.
पलीकडं थोरले भूपाल, अलीकडं आमचे जिनगोंडा.
नऊ वर्षं भावाभावांत शब्द नाही.
माझी जाऊ चंद्राक्का आणि मी
भिंतीवरून विरजण द्यायचो,
मग कढीपत्ता,
मग एका उन्हाळ्यात तिनं
गुंडाळी केलेला नकाशा दिला, नावेचा.

अक्का कुपवाडच्या कारखान्यात ट्रेसर.
एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या रेघांवरून रेघा ओढलेली बाई.
हा कागद तिला रद्दीत सापडला:
दोन निमुळत्या नावा, मध्ये मोकळी जागा,
वर एकच शीड.
म्हणाली, "पद्मल, तू यार्डातल्या ताडपत्र्या शिवतेस.
हे ब्लाउजच आहे बघ.
चार तुकडे, दोन टक्स, तांब्याच्या तारेचे टाके."
मी बघितलं. होतं खरं.

कशाला, असं मी विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.
दोन चुली, आणि दोन्हींसमोर
पलीकडच्या घराचंच बोलत जेवणारा एकेक माणूस.

एक नाव त्यांच्या गोठ्यात, एक आमच्या.
माप सुतळीवरून जायचं,
सोळा फुटांना सोळा गाठी.
यांना म्हटलं, म्हशीची गव्हाण करतेय.
तिकडं तिनं सांगितलं, पाण्याची टाकी.
दोघांनीही मान वर केली नाही.
राळ कालवली की बारा मिनिटं हातात,
तेराव्याला वाटीतच दगड.
काचकापडाची कूस तळव्यात,
रात्री भाकरी थापताना अशी खाज सुटायची
की मला हसू यायचं.

त्या साली पूर आला.
पाणी भिंतीच्या दोन्ही अंगांना सारखंच चढलं.
माणसं, म्हशी मिरजेला छावणीत.
आठव्या दिवशी परतलो तर
दोन्ही नावा आपापल्या गोठ्यात,
दाव्याला बांधलेल्या, चिखलावर टेकलेल्या.
अक्कानं आत हात फिरवला,
भिंतीवरून दोनच शब्द टाकले:
"कोरडी आहे."
भिंत मात्र निम्मी पडली होती.
ती दोघांनी परत बांधली,
अर्धा अर्धा खर्च, या वेळी सिमेंटात.

वैशाखात जयसिंगपूरला लग्न निघालं.
भाऊ गेले, एकाच लग्नाला, दोन गाड्यांतून.
आम्ही ट्रॅक्टर सांगितला.
अंकलीच्या घाटावर कुशाप्पा अंबी
तंबाखू मळत बघत राहिला.
नावा पाण्यात सोडल्या, आडवे पाइप टाकले, आवळले.
"आठ फूट अंतर," अक्का कागद वाचत होती,
"जवळ घेतल्या तर उलटेल, लांब नेल्या तर मोडेल."
कुशाप्पा म्हणाला, "एवढं कागदात कशाला बघताय?
ही सांगड. आमचा आजा दोन डोणी बांधून
बैलगाडी उतरवायचा, बैलांसकट."

तेव्हाच कळलं, माझी नाव दोन इंच आखूड.
सुतळी माझ्या मोरीवरून यायची,
ओली होऊन आखडायची.
त्यामुळं सांगड जरा माझ्याकडं ओढते.
अक्का म्हणाली, असू दे.

शीड माझं. हळदीच्या गाड्यांवरून उतरलेली ताडपत्री,
वारा भरला तसा आधी धुरळा उडाला,
दोघींची तोंडं पिवळी.
मग एक हिसका बसला,
आणि पुलावरचे ट्रक मागं जायला लागले.
आवाजच नव्हता. नावांच्या मधून
पाणी तेवढं बोलत होतं, हळू,
माजघरात बायका बोलतात तसं.

म्हैसाळचा बंधारा दिसला तेव्हा दिवस कलला होता.
दिवस बुडायच्या आत जेवायचं म्हणून
मळीच्या कडेला लावली,
दशम्या, शेंगाचटणी, दही.
विरजण तिचं, दूध माझं.

सातला माझा फोन वाजला.
मग अक्काचा.
मग दोन्ही एकदम,
मग दोन्ही एकदम गप्प.
आम्ही तोंडाकडं तोंड बघितलं.
तिकडं सिमेंटच्या भिंतीशी येऊन
कुणीतरी खाकरलं असणार,
आणि पलीकडून
"ऑं?" असं आलं असणार.

"उद्या परतायचं?" मी विचारलं.
अक्कानं बोट ओलं करून वर धरलं.
वारा पश्चिमेचा. म्हणजे समोरून.
"बघू," ती म्हणाली,
आणि दशमीचा उरलेला तुकडा
माझ्या ताटलीत टाकला.